‘इकॉलॉजी’च्या पोटातलं घर

गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीनं मला चांगलंच पेचात पकडलं. दुपारच्या शाळेत आठवड्यातून चार दिवस मी इंग्रजी शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तास संपत आला होता. मुलींचं लक्ष घंटेकडे आणि माझं घरी मोड काढायला बांधून ठेवलेल्या मटकीकडे. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक उठून उभी राहिली. म्हणाली, “बाई, इकॉनॉमी आणि इकॉलॉजी या बहिणीबहिणी आहेत का?”

वर्ग हसला. मीही हसले. उत्तर येत नसलं की शिक्षक आधी हसून घेतो, हे आमच्या धंद्यातलं गुपित! पण प्रश्न मनात रुतला. एक शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकातला, पैशाअडक्याचा. दुसरा विज्ञानाच्या पुस्तकातला. गवत, टोळ, बेडूक, साप, घार अशा साखळीचा. यांचं नातं कसं असणार? “उद्या सांगते,” म्हटलं आणि सुटले.

रात्री झाकपाक झाल्यावर मोठा इंग्रजी शब्दकोश काढला. आणि खरं सांगते, दोन्ही शब्दांच्या मुळाशी जे सापडलं ते पाहून मी हातातला चष्मा खाली ठेवला. मुळाशी होतं ‘घर’. आपलं साधं, चार भिंतींचं, चूल असलेलं घर.

ग्रीक भाषेत घराला म्हणतात ‘ओइकोस’. नुसती वास्तू नव्हे. माणसं, नोकरचाकर, गुरंढोरं, धान्यधुन्य, सगळा संसार त्यात आला. त्याला ‘लोगोस’, म्हणजे विचार किंवा शास्त्र, जोडलं की झाली इकॉलॉजी. आणि ‘नोमोस’, म्हणजे नियम, रीत, व्यवस्था, जोडलं की झाली इकॉनॉमी. एक घराचं शास्त्र, दुसरी घराची व्यवस्था. बहिणी नाहीत तर काय! मुलीच्या कानाला जे कळलं ते मला बी.ए. होऊनही इतकी वर्षं कळलं नव्हतं.

यातली थोरली बहीण इकॉनॉमी. ती तब्बल अडीच हजार वर्षांची आहे. ‘ओइकोनोमिया’ म्हणजे ग्रीकांच्या लेखी घर चालवणं, आणि घर कसं चालवावं यावर झेनोफन नावाच्या लेखकानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात एक पुस्तकच लिहिलं. हा सॉक्रेटिसच्या शिष्यांपैकी एक. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर एका प्राध्यापक मैत्रिणीनं तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून आणून दिलं. आठ दिवसांत परत करायचं होतं. मी तीन रात्रींत संपवलं, इतकी गंमत वाटली.

त्यात इस्कोमॅकस नावाचा एक सुखवस्तू गृहस्थ सॉक्रेटिसला सांगतो, की माझी बायको घरात आली तेव्हा तिला पंधरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तिनं फार पाहू नये, फार ऐकू नये, फार विचारू नये, अशाच बेतानं तिला वाढवलेलं. लोकर घेऊन एक अंगरखा विणून द्यायचा, एवढं तिला येत होतं. मग नवरोबांनी तिला शिकवायला घेतलं. एकदा त्यानं काहीतरी मागितलं आणि तिला ते सापडेना. बिचारी लाजेनं लाल झाली. तेव्हा तो म्हणतो, चूक तुझी नाही, कुठली वस्तू कुठे ठेवायची हे मीच तुला सांगितलं नव्हतं. (मी हे वाक्य आमच्या घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्तमानपत्राच्या आडून काहीही प्रतिक्रिया आली नाही.)

पुढे तो तिला फिनिशियन लोकांच्या एका मोठ्या गलबताची गोष्ट सांगतो. एवढ्याशा जागेत दोर, शिडं, शस्त्रं, भांडीकुंडी, विकायचा माल, सगळं खचाखच भरलेलं. पण एकही वस्तू दुसरीच्या वाटेत येत नाही. आणि तिथल्या तांडेलाला जागा इतक्या पाठ, की गलबतावर नसतानाही कुठे काय आणि किती आहे हे तो सांगू शकतो.

इथे मला हसू आवरेना. दोन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात मी पंधरा दिवस माहेरी होते. रात्री ह्यांचा फोन. “अगं, हिंग कुठे आहे?” मी तिथूनच सांगितलं, “मांडणीच्या दुसऱ्या फळीवर, डाव्या हाताला, मेथीच्या डब्यामागे, पिवळ्या झाकणाची डबी. आणि ती सापडली तरी फोडणीत चिमूटभरच घाला.” डबी तिथेच होती. त्या फिनिशियन तांडेलाला झेनोफननं पुस्तकात घातलं. आपल्यासारख्या असंख्य तांडेलणींची नोंद कोण घेणार?

पुढचा भाग तर थेट आपल्या या पानावर शोभेल असा आहे. नवराबायको मिळून घर लावतात. कोरड्या खोल्यांत धान्य, गार खोल्यांत मद्याचे रांजण, उजेडाच्या खोल्यांत ज्यांना उजेड लागतो ती कामं आणि वस्तू. रोज लागणारी भांडी वेगळी, सणासमारंभाची वेगळी. महिन्याला संपणारा जिन्नस एकीकडे, वर्षाच्या बेगमीचा दुसरीकडे. आपल्या आजीची कोठीची खोली डोळ्यांपुढे येते की नाही? तो तर असंही म्हणतो, की एखादा विनोदी माणूस हसेल, पण ओळीनं नीट मांडलेली नुसती मडकीसुद्धा सुंदर दिसतात. दिवाळीच्या साफसफाईनंतर घासलेली पितळी भांडी फळीवर लावून आपण क्षणभर मागे सरून पाहतो ना, तेच हे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुणा ग्रीकाला ते कळलं होतं, याचं मला फार बरं वाटलं.

पण थांबा, त्याचं कौतुक पुरे. याच गृहस्थानं बायकोनं तोंडाला सफेदा लावला, गालांना लाली लावली, उंच टाचांच्या चपला घातल्या म्हणून तिला उपदेश केला, की त्यापेक्षा कणीक तिंबावी, अंथरुणं-पांघरुणं झटकून घड्या घालाव्यात, म्हणजे रंग आपोआप खुलेल. तो सफेदा शिशाचा असे आणि शिसं विषारी, म्हणून सल्ला चुकून बरोबर ठरला एवढंच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, एवढं पुस्तक तिच्या घरकामाभोवती फिरतं, तिला पोळ्यातल्या राणीमाशीची उपमा मिळते, ती काय बोलली तेही नवऱ्याच्या तोंडून आपल्याला कळतं. पण तिचं नाव? पुस्तकात कुठेही नाही. इस्कोमॅकसची बायको, एवढीच तिची ओळख.

हा शब्द पुढे लॅटिनमधून युरोपच्या इतर भाषांत गेला. तिथे राज्याचाही संसार असतो, त्याचाही जमाखर्च असतो, म्हणून राज्याच्या कारभाराला तो लावू लागले. शब्द घराबाहेर पडला तो पडलाच. आज देशाची इकॉनॉमी मोजतात तेव्हा कारखाने, शेती, बँका, दुकानं, सगळं त्यात येतं. येत नाही ते एकच, ज्याच्यावरून नाव पडलं ते! घरात बिनमोबदला केलेला स्वयंपाक, धुणं, झाडलोट, मुलाबाळांचं नि म्हाताऱ्यांचं करणं, हे राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरत नाहीत. पोळ्या करायला बाई ठेवली तर तिचा पगार उत्पन्न. त्याच पोळ्या मी केल्या तर शून्य. केंद्र सरकारनं २०२४ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. असं बिनमोबदला घरकाम जे कोणी करतात त्यांच्यात बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे आपली पावणेपाच तासांच्या वर. निदान घड्याळानं तरी आपली दखल घेतली म्हणायची.

मला एक जुना प्रसंग आठवला. शाळेतली नोकरी तेव्हा सुरू व्हायची होती. लेकीच्या एका दाखल्यासाठी एका कचेरीत गेले होते. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, “व्यवसाय?” मी म्हटलं, “गृहिणी.” “म्हणजे काही नाही,” असं म्हणून त्यांनी रकान्यात एक आडवी रेघ मारली. रागानं नव्हे, तुच्छतेनंही नव्हे, अगदी सवयीनं. त्या दिवशी पहाटे साडेचारला उठून मी दोन डबे भरले होते, सासूबाईंना वाफारा दिला होता आणि पाणी गेलं म्हणून खालून चार बादल्या चढवल्या होत्या. त्या रेघेचा राग आज इतक्या वर्षांनी आला, शब्दकोश उघडल्यावर.

असो. आता धाकट्या बहिणीकडे वळू, म्हणजे आपल्या विज्ञानातल्या शब्दाकडे. इकॉलॉजी हा शब्द ग्रीकांना माहीतच नव्हता. माल ग्रीक, पण शिलाई जर्मन! येना इथल्या विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली आपल्या एका मोठ्या ग्रंथात तो पहिल्यांदा वापरला. डार्विनचं गाजलेलं पुस्तक १८५९ मध्ये येऊन गेलं होतं. प्रत्येक जीव आपल्या भोवतालाशी, हवापाण्याशी, शेजारच्या जिवांशी कसा बांधलेला असतो, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला हेकेलना नाव हवं होतं. आणि नाव शोधताना त्यांना आठवलं घर. त्याच्याही आधी, १७४९ मध्ये, वनस्पतींना दुहेरी नावं देणाऱ्या लिनीअसच्या नावे ‘निसर्गाची इकॉनॉमी’ अशा मथळ्याचा प्रबंध निघाला होताच. म्हणजे या थोर विद्वानांना रानातला कारभार समजून घेताना उपमा सुचली ती घरातल्या कारभाराची. एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या तोंडी लागतं, काही फुकट जात नाही, सगळ्यांना थोडंथोडं पुरवावं लागतं. भाजीचे देठ गाईला आणि तांदळाचं धुवण झाडाला घालणाऱ्या बाईला यात नवल ते काय!

मराठीत या शास्त्राला परिस्थितिकी म्हणतात, परिस्थितिविज्ञानही म्हणतात. या शब्दातून घर गेलं, असं मी आधी हळहळले. मग लक्षात आलं, आपण म्हणतो ना, ‘तिच्या घरची परिस्थिती बेताची आहे’? आपल्या परिस्थितीला मागच्या दारानं घर चिकटलेलंच आहे.

आता मी ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या बाईंकडे येते. शब्दाचा माग काढता काढता त्या भेटल्या आणि मग शब्द बाजूलाच राहिला. एलन स्वॅलो रिचर्ड्स. जन्म १८४२, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. वडिलांच्या दुकानात मदत केली, शाळेत शिकवलं, पैसे साठवले आणि वयाच्या पंचविशीनंतर कॉलेजात गेल्या. १८७० च्या अखेरीस बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रसायनशास्त्रासाठी त्यांना प्रवेश मिळाला; त्या संस्थेत शिरलेल्या त्या पहिल्या स्त्री. फी माफ! एलनबाईंना वाटलं, आपली गरिबी पाहून माफ केली. खरं कारण त्यांना नंतर कळलं. कोणी तक्रार केलीच, तर ‘ही आमची विद्यार्थिनी नाहीच’ असं अध्यक्षांना म्हणता यावं म्हणून ती सोय होती. आधी कळतं तर मी गेलेच नसते, असं त्या पुढे म्हणाल्या. प्रयोगशाळेत त्या झाडलोट करत, प्राध्यापकांचं उसवलेलं शिवून देत. मुद्दाम. या कामांना मी नाकं मुरडत नाही असं दिसलं तर विरोध मावळेल, हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. १८७३ मध्ये पदवी मिळाली. मात्र त्या संस्थेची डॉक्टरेट काही शेवटपर्यंत मिळाली नाही.

१८७५ साली तिथल्याच खाणशास्त्राच्या प्राध्यापकांशी लग्न झालं. तुम्ही म्हणाल, झालं, संपलं शिक्षण. उलट पुढच्याच वर्षी बायकांसाठी वेगळी प्रयोगशाळा त्यांच्या खटपटीतून सुरू झाली. वाण्याच्या दुकानातला जिन्नस आणून त्या त्यातली भेसळ तपासू लागल्या. स्वयंपाक आणि धुण्याभांड्यांच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिलं. सोडा फेस का आणतो, साबण तेलकटपणा कसा काढतो, हे त्यांनी गृहिणींसाठी लिहिलं. आणि मग आलं पाण्याचं काम.

१८८७ साली त्या राज्याच्या आरोग्य मंडळानं सगळ्या पाणवठ्यांची तपासणी काढली. प्रयोगशाळेची बाजू एलनबाईंकडे. सुमारे २०,००० नमुने तपासले गेले. त्यातून एक नकाशा तयार झाला, आणि तो नकाशा होता मिठाचा! समुद्राकाठच्या पाण्यात वाऱ्याबरोबर आलेलं मीठ जास्त असतं, आत जावं तसं ते कमी होत जातं. सारखं मीठ असलेली ठिकाणं रेघांनी जोडली. आता एखाद्या विहिरीच्या पाण्यात तिच्या रेघेपेक्षा जास्त मीठ सापडलं, तर ते समुद्राचं नव्हे. ते माणसांचं. आपल्या जेवणातून, शरीरातून, मोरीतून आणि संडासातून जाऊन ते पाण्यात मिसळलं. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ, चवीलाही फरक नाही, तरी मीठ चुगली करतं. चिमूटभर मिठानं आमटी बिघडली की सुधारली हे ओळखणाऱ्या कुणालाही या युक्तीचं कौतुक वाटेल.

तर या एलनबाईंनी १८९२ मध्ये बॉस्टनच्या एका सभेत सांगितलं, की माणसानं राहतं घर, हवा, पाणी, अन्न कसं निरोगी ठेवावं याचं एक नवं शास्त्र हवं आणि त्याचं नाव असावं ओइकॉलॉजी. हेकेलचाच शब्द, पण रानातून परत घरात आणलेला. मूळ अर्थाचा विचार केला तर त्यांचा हक्क जास्तच होता.

पण तसं व्हायचं नव्हतं. दुसऱ्याच वर्षी, १८९३ मध्ये, मॅडिसन शहरात वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली. त्यांनी झाडाझुडपांच्या अभ्यासासाठी हा शब्द पक्का केला, सुरुवातीचा ‘ओ’ काढून टाकला, आणि आपली आजची इकॉलॉजी तयार झाली. त्या ‘ओ’बरोबर घराचं शेवटचं चिन्हही पुसलं गेलं, असं मला उगीच वाटतं. बाईंना दुसरं नाव शोधावं लागलं. १८९९ पासून लेक प्लॅसिड इथे दरवर्षी बैठका भरत गेल्या, तिथे ठरलं ‘होम इकॉनॉमिक्स’. ‘होम’ म्हणजे घर आणि ‘इको’ म्हणजेही घर. पिवळं पीतांबर! पण नाव टिकलं. आपल्याकडे कॉलेजांतून जे गृहविज्ञान शिकवतात, ते याच घराण्यातलं. १९११ मध्ये एलनबाई गेल्या. ज्या संस्थेनं पटावर नाव यायची भीती बाळगली, तिथेच त्या अखेरपर्यंत शिकवत होत्या.

हे सगळं मी जेवताना घरी सांगत होते. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, जुन्या वळणाचे, अमरकोश पाठ. भाताचा घास हातातच ठेवून म्हणाले, “सूनबाई, ओइकोस म्हणजे आपलं वेश्मच की! अमरकोशात घराच्या नावांत आहे.” मला वाटलं, अण्णा जमवून घेताहेत. पण शब्दकोशात पाहिलं तर अगदी खरं. जुन्या ग्रीकमध्ये या शब्दाच्या आधी ‘व’ होता. काही शिलालेखांत तो ‘वोइकोस’ असाच सापडतो. पुढे ‘व’ झडला. तिकडचा ‘क’ तो आपल्याकडचा ‘श’. विश् या धातूचं ते नातं. वेश्म त्यातलं, आणि प्रवेशही त्यातलाच. म्हणजे गृहप्रवेश म्हणताना आपण घर दोनदा म्हणतो. अण्णा खूश झाले आणि ताक मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला उभं केलं आणि सांगितलं, “हो, बहिणी आहेत. आणि दोघींचं माहेर एकच, स्वयंपाकघर.” तिनं वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, “मग बाई, गृहिणीला इंग्रजीत इकॉलॉजिस्ट म्हणायचं का?” घंटा झाली म्हणून वाचले.

रविवारी त्या ग्रीक पुस्तकाप्रमाणे मी मांडणी नव्यानं लावायला काढली. रोजचे डबे खाली, सणाचे वर, वर्षाचा जिन्नस मागे, महिन्याचा पुढे. डबे पुसले, चिठ्ठ्या चिकटवल्या, ओळीनं लावले. मागे सरून पाहिलं, फारच देखणं दिसत होतं. अण्णांना बोलावून दाखवलं. फक्त तेव्हापासून हिंगाची डबी सापडत नाहीये, आणि या खेपेला फोन करून विचारावं असं माणूस घरात कुणी नाही.